मच्छीमार पोलादाकडे का गेले?

कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरचे कन्सेप्शन बेचे मच्छीमार गेल्या शतकात न्यूयॉर्कला जाऊन उंच इमारतींचे पोलादी सांगाडे उभारू लागले. समुद्राला कंटाळून गेले, असे आम्ही मानत नाही. तिथे व्यापारी हंगामाआधी उधारीवर सामान देई अन् मासळी आपल्या भावाने वळती करी. हाती रोकड क्वचितच. व्यापारी भाईंना हे कडू लागेल! डोलकाठीवर चढणे, दोराच्या गाठी, हे हुनर मात्र अंगात होते. न्यूयॉर्कने त्याचीच रोख मजुरी दिली. धोका मोठा, पण समुद्रावर तो कमी होता काय? भावामागे भाऊ गेला, ब्रुकलिनमध्ये वस्ती झाली. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांवरही ते राबले. १९९२ साली कॉडची मासेमारी बंद होऊन बेटावर सुमारे तीस हजारांची रोजी गेली. या घराण्यांकडे तोवर दुसरा धंदा होता.