अब्रूच्या नावाखाली झाकलेला इतिहास



‘जुन्या घराण्यांतली गुपिते उकरू नयेत’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मुळीच मान्य नाही. १८८१मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी या विधवेवर नवजात बाळाच्या हत्येचा खटला चालला. फाशी सुनावली गेली, पुढे शिक्षा कमी झाली. पण त्या बाळाचे गुपित तिचे एकटीचे होते का? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांनाच जाब विचारला. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाई फुले यांनी तर अशा गरोदर विधवांसाठी त्याआधीच घराचे दार उघडले होते. तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतले. म्हणूनच ज्यांच्या माळ्यावर जुनी पत्रे, वंशावळी असतील, त्यांनी अब्रूच्या भीतीने ती जाळू नयेत. अभ्यासकांच्या हाती द्यावीत.

— एक वाचक, बुलढाणा