काळाचा प्रवास आणि परतीचें तिकीट

आपल्या अमरावती जिल्ह्यांतील कौंडिण्यपूर हें रुक्मिणीचें माहेर म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तिची जाऊ रेवती हिची कथा मात्र त्या मानानें थोड्यांच्याच ऐकण्यांत असते. भागवतांत असें सांगितलें आहे कीं, ककुद्मी राजा आपल्या कन्येसाठीं योग्य वर कोण, हें विचारण्यास तिला घेऊन ब्रह्मलोकीं गेला. तेथें गायन चाललें होतें म्हणून तो क्षणभर थांबला. तेवढ्यांत पृथ्वीवर 27 चतुर्युगें लोटलीं, आणि त्यानें मनांत योजिलेल्या वरांपैकीं एकहि उरला नाहीं! पुढें ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून रेवती बलरामास दिली गेली.

या कथेवरून दोन पक्ष भांडतांना दिसतात. एक म्हणतो, आइन्स्टाइनचा सिद्धांत आमच्या पूर्वजांस ठाऊकच होता. दुसरा म्हणतो, वेगानें काळ मंदावतो हें सारेंच थोतांड. माझ्या अल्पमतीप्रमाणें दोघेहि घाई करतात. कथेंतील कल्पना भव्य खरी. परंतु तींत वेगाचें माप नाहीं, गणित नाहीं, पडताळ्याची सोय नाहीं. कल्पनेचा मान कल्पनेस द्यावा व प्रयोगाचा प्रयोगास.

प्रयोगाची साक्ष स्पष्ट आहे. गतिमान घड्याळ आपणांस मंद चालतांना आढळेल, हें आइन्स्टाइननें 1905 सालीं मांडलें. वैश्विक किरणांतील अल्पायुषी कणांवरून याचा पडताळा घेतां येईल, असें 1938 सालीं सुचविणारे होमी भाभा हे मुंबईचे सुपुत्र. 1941 सालीं रॉसी व हॉल यांनीं अमेरिकेंत तो घेतला. म्यूऑन नामक कणाचें सरासरी आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांशाच्या अवघें 2.2 पट असतें. तेवढ्यांत प्रकाशाच्या वेगानें धांवूनहि तो 660 मीटरच जाईल. तरी सुमारें 15 किलोमीटर उंचीवर जन्मलेले असंख्य म्यूऑन भूमीवर पोहोंचतात. कारण आपल्या दृष्टीनें त्यांचें घड्याळ मंद चालतें. येथें शंकेस जागा नाहीं.

शंका आहे ती पुढील उडीविषयीं. बडनेऱ्याहून अकोल्यास आगगाडीनें ताशीं 100 किलोमीटर वेगानें गेलांत, तर त्या 80 किलोमीटरांत वेगामुळें तुमचा किती काळ वांचेल? सेकंदाचे एक लक्ष कोटी भाग केल्यास त्यांतील सुमारें 12! प्रकाशाच्या 99 टक्के वेगानें गेलांत, तर मात्र तुमच्या एका वर्षांत आमचीं सात वर्षें सरतील. पण केवळ एक किलो वस्तूस तो वेग देण्यास अकोला जिल्ह्यांतील पारस येथील 500 मेगावॅटचें वीजकेंद्र पूर्ण क्षमतेनें अहोरात्र सुमारें 35 वर्षें चालवावें लागेल. विद्यार्थ्याचें वजन 50 किलो धरून पुढील गणित ज्यानें त्यानें करावें. वाहनाचा भार व थांबण्यास लागणारी ऊर्जा आणखी वेगळी.

एका लहान विद्यार्थ्यानें मला विचारलें होतें, "गुरुजी, आजोबा हयात होते त्या दिवसांत परत जातां येईल काय?" त्याचें समाधान करणें सोपें होतें, परंतु तें खरें झालें नसतें. वेगानें घड्याळ मंद होतें. उलट फिरत नाहीं. हा रस्ता पुढेंच जातो, त्यास परतीचें तिकीट नाहीं.

शिवाय प्रवाशाच्या हातीं काय लागतें? त्याचा तास त्यास तासाएवढाच वाटतो. अभ्यासास एक क्षणहि अधिक मिळत नाहीं. तो मुकतो मात्र इतरांच्या वर्षांस. ककुद्मी परतला तेव्हां त्याची नगरी आप्तांनीं सोडलेली होती.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, जें मोजून सिद्ध झालें त्यावर विश्वास ठेवा, आणि जें केवळ चित्रपटांत घडतें त्यास पुरावा विचारा. पालकांनींहि अशा प्रश्नांस हंसून टाळूं नये. आणि ज्यांचे आजोबा आज घरीं आहेत, त्यांनीं सायंकाळीं त्यांच्याजवळ घटकाभर बसावें. ती घटका आपणां दोघांच्या घड्याळांत अद्यापि एकच आहे.