सौम्य रहस्यकथा आणि शांत किनारा

रहस्यकथा म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अजूनही बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड उभा राहतो. अंधार, पाठलाग आणि वेषांतर ह्यांवर वाढलेल्या आम्हां वाचकांच्या हाती अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ ह्यांची 'द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी' (१९९८) आली, तेव्हा आम्ही बराच वेळ खुनाची वाट पाहत होतो. अपेक्षित खून काही पडला नाही. तरी पुस्तक खाली ठेववेना.

बोट्स्वानाच्या राजधानीत, गाबोरोनेत, प्रेशस रामोत्स्वे नावाची बाई वडिलांनी मागे ठेवलेली गुरे विकून गुप्तहेरीची कचेरी थाटते. वडील दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबलेले. एक लहानशी पांढरी व्हॅन, रूइबॉसचा तांबूस चहा, परीक्षेत ९७ टक्के मिळाल्याचे कधीही न विसरणारी मदतनीस माकुत्सी आणि सज्जन गॅरेजवाले मातेकोनी, एवढाच तिचा संसार.

पहिल्याच पुस्तकातले एक प्रकरण पाहा. एका कमावत्या तरुणीच्या घरी एक म्हातारा 'मी तुझा बाप' म्हणून येऊन राहिला आहे. रामोत्स्वेबाई परिचारिकेच्या पोशाखात जाऊन त्याला सांगतात, की मुलीला अपघात झाला असून तिला वाचवायला बापाचे इतके रक्त लागेल की त्याचा जीवही जाईल. म्हातारा तत्काळ कबूल करतो, की मी तिचा बाप नव्हेच. एका मुलासाठी भांडणाऱ्या दोन आयांची जुनी गोष्ट ज्याने ऐकली आहे, त्याला हा न्याय ओळखीचा वाटेल. येथे ठसे नाहीत, प्रयोगशाळा नाही. माणूस कशाला भितो आणि कशावर माया करतो, एवढ्यावरच उकल होते. गुन्हेगारही गावातलाच असतो आणि उद्या पुन्हा रस्त्यात भेटणार असतो. ह्या मालिकेची ओढ आमच्या मते येथे आहे. लहान अन्यायही कोणीतरी मन लावून ऐकून घेईल, हा विश्वास ती देते.

आक्षेप मात्र गंभीर आहे. शतकाच्या वळणावर बोट्स्वानातील प्रौढांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे अंदाज होते. मालिकेत ह्या दुःखाची सावली आहे, पण ती फिकट. त्याच देशाच्या उच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री न्यायाधीश युनिटी डाऊ ह्यांची 'द स्क्रीमिंग ऑफ द इनोसंट' (२००२) ही कादंबरी एका मुलीच्या नरबळीची आणि तो दडपणाऱ्या यंत्रणेची आहे. मॅकॉल स्मिथ ह्यांच्या पहिल्या पुस्तकातही बेपत्ता मुलाच्या निमित्ताने हीच भीती डोकावते. पण तेथे मूल जिवंत परत येते.

हा आक्षेप आम्हां रायगडच्या किनाऱ्यावरच्या वाचकांना परका नाही. आफ्रिकाही नाही. मुरूड-जंजिऱ्यावर हबशी वंशाच्या सिद्दींचे राज्य १९४८ पर्यंत होते आणि ह्या मुलखाला हबसाणच म्हणत. पण खरे साम्य वेगळे आहे. लंडनच्या वाचकाला गाबोरोने जशी दिसते, तसा शनिवारी येणाऱ्या मुंबईकराला आमचा किनारा दिसतो: नारळ-सुपारीच्या वाड्या, संथ संध्याकाळ, साधी माणसे. ह्याच संथ किनाऱ्यावर १९९३ च्या जानेवारीत दिघीला शस्त्रे आणि फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. पुढे खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यांतले लोकही दोषी ठरले. ती शांतता काही अंशी विकत घेतलेली गप्प बसण्याची शांतता होती.

म्हणून सौम्य रहस्यकथा टाकून द्यावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. आमच्याकडचे बहुतेक अन्याय स्फोटाचे नसतात. ते सातबाऱ्यावरून नकळत गळलेल्या बहिणीच्या नावाचे, सामाईक वाडीचा हिस्सा परस्पर विकणाऱ्या चुलतभावाचे, रात्रीतून दोन हात सरकलेल्या गडग्याचे असतात. त्यांच्यासाठी झुंजार येत नाही, आणि न्यायालयात पिढी खर्ची पडते. ओसरीवर बसून, चहा घेत, दोन्ही बाजू ऐकणारी एखादी चतुर बाई मराठी रहस्यकथेला अद्याप हवी आहे.

ती श्रीवर्धनची असावी किंवा रेवदंड्याची. तिला गावातल्या प्रत्येकाचे नाते ठाऊक असावे. मात्र रात्री किनाऱ्यावर अनोळखी होडी लागली आणि सकाळी सगळे गाव गप्प राहिले, तर तिने तेही विचारावे. तेवढे विचारणारी मालिका कोणी लिहिली, तर आम्ही तिची पुढची पुस्तके रांगेत उभे राहून घेऊ.