बिसाऊची काजू बी

1998 सालचा जून महिना. मी तेव्हा बँकेच्या परकीय व्यापार विभागात होतो. मुंबईत पाऊस नुकता लागला होता आणि सिंधुदुर्गातले एक काजू कारखानदार छत्री निथळत ठेवून माझ्या टेबलासमोर येऊन बसले. त्यांच्या लेटर ऑफ क्रेडिटवर माल होता कच्ची काजू बी आणि बंदर होते बिसाऊ. "साहेब, थंय लढाय लागली म्हणतत. माजी बी बोटीर चढली काय नाय, तेवडां सांगा."

बी चढली नव्हती. पण जहाजावर माल चढल्याचे कागद आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, हा लेटर ऑफ क्रेडिटचा मूळ नियम. कारखानदार वाचले. मी समाधानाने फाईल बंद केली. ती बी वेचून, वाळवून पोत्यांत भरून बसलेल्या तिकडच्या शेतकऱ्याचे काय झाले असेल, हा प्रश्न माझ्या टेबलावरचा नव्हता. तो पुढे बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतर, मला छळू लागला.

26 नोव्हेंबर 2025 रोजी गिनी-बिसाऊत लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, आणि ती फाईल आठवली. तीनच दिवसांपूर्वी, 23 तारखेला, राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले होते. अध्यक्ष उमारो सिसोको एंबालो आणि प्रतिस्पर्धी फर्नांडो डियाश, दोघांनीही आपणच जिंकल्याचे जाहीर केले होते. निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता. तो लागलाच नाही. आपल्याला पदच्युत केल्याची बातमी एंबालोंनी स्वतःच फोनवरून वृत्तवाहिनीला दिली. मग ते सुखरूप देशाबाहेर गेले आणि त्यांच्याच विश्वासातले मानले जाणारे जनरल होर्टा इन्टा-आ यांनी वर्षभरासाठी म्हणून शपथ घेतली. डियाश नायजेरियाच्या वकिलातीत आश्रयाला गेले. निरीक्षक म्हणून तिथे असलेले नायजेरियाचे माजी अध्यक्ष गुडलक जोनाथन यांना हे बंड निव्वळ देखावा वाटले. पुढे निवडणूक आयोगाने कळवले, की शस्त्रधाऱ्यांनी मतमोजणीचे तक्तेच नेले, तेव्हा निकाल देता येत नाही. आयुष्यभर खातेवह्या जुळवलेल्या माणसाला हे वाचताना पोटात कसेसेच होते. वहीच पळवली, की शिल्लक कोणाच्या नावावर दाखवायची?

"आफ्रिकेत हे चालायचेच," असे आपण चहाचा घोट घेत म्हणतो आणि पान उलटतो. हा आळस आहे. या देशाची सुरुवात अशी नव्हती. अमिल्कार काब्राल हा शेतकीशास्त्र शिकलेला माणूस. 1953 साली शेतीची गणना करताना त्याने हा प्रदेश गावोगाव फिरून पाहिला. 1956 मध्ये त्याने पक्ष काढला, 1963 पासून पोर्तुगालशी सशस्त्र लढा दिला. जानेवारी 1973 मध्ये कोनाक्री येथे त्याचा खून झाला, तो त्याच्याच पक्षातल्या माणसांच्या हातून. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वातंत्र्य जाहीर झाले, तेव्हा तो नव्हता. आणि आपला गोवाही याच पोर्तुगालच्या जोखडाखाली होता, हे विसरू नये. 1961 साली कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतल्या राष्ट्रवादी संघटनांची जी परिषद भरली, तिच्यात गोवेकरही होते. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांझा हे काब्रालच्या सहकाऱ्यांपैकी एक.

घोटाळा नंतरचा आहे. लढा ज्या सैन्याने जिंकला, ते सैन्य लढा संपल्यावर बराकीत गेलेच नाही. देश आपल्या रक्ताने मिळाला, तेव्हा हिशेबही आम्हीच ठेवणार, ही त्याची समजूत. 1980 मध्ये निनो व्हिएरा या लढ्यातल्याच सेनानीने काब्रालच्या सावत्र भावाला, लुईशला, अध्यक्षपदावरून हटवले. 1998 मध्ये व्हिएरांनी सेनापती आन्सुमाने माने यांना बडतर्फ केले आणि युद्ध पेटले. तेच आमच्या कारखानदारांचे युद्ध. 1999 मध्ये व्हिएरा गेले, 2003 मध्ये कुंबा याला गेले, 2005 मध्ये व्हिएरा निवडून परत आले. मार्च 2009 मध्ये एका रात्री सेनाप्रमुख बॉम्बस्फोटात ठार झाले आणि काही तासांत सैनिकांनी व्हिएरांना मारले. 2012 चे बंड तर मतदानाच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये झाले. निवडून येऊन मुदत पुरी करणारा पहिला अध्यक्ष मिळायला 2014 ते 2019 ची कारकीर्द यावी लागली.

त्यात भर कोकेनची. दक्षिण अमेरिकेतून युरोपला जाणारा हा माल बिजागोश बेटांच्या आडोशाने आणि बिसाऊच्या विमानतळावरून जातो. 2013 मध्ये माजी नौदलप्रमुखच अमेरिकेच्या सापळ्यात समुद्रात सापडला. सप्टेंबर 2024 मध्ये एका विमानातून अडीच टनांहून अधिक कोकेन पकडले गेले. जिथे खुर्चीची किंमत अशा मालात मोजली जाते, तिथे मतपेटीला कोण भीक घालणार?

पण देश जगतो तो काजूवर. निर्यातीचा जवळजवळ सगळा भार या एका फळावर आहे. पोर्तुगीजांनी ब्राझीलचे झाड इथे आणले, तसेच आपल्याकडे आणले. फरक एवढाच, की आपण बी फोडतो, भाजतो, सोलतो आणि गर विकतो. तिकडची बी बहुतेक सगळी कच्चीच जहाजात चढते आणि भारत, व्हिएतनामला येते. म्हणजे नफा आपल्याकडे आणि जोखीम त्यांच्याकडे. हे म्हणताना मी स्वतःला वगळत नाही. असल्या कितीतरी व्यवहारांवर माझ्या सह्या आहेत.

गावातला शेतकरी अनेकदा पैसे पाहतही नाही. काजू देतो आणि तांदूळ घेतो. बऱ्या वर्षी किलोला किलो. बंदर अडले, व्यापारी बिथरले, बँका आखडल्या, की एका किलो तांदळासाठी दोन, कधी तीन किलो काजू मोजावे लागतात. राजधानीतल्या बंडाचा दर त्याला असा कळतो.

मार्च-एप्रिलमध्ये तिकडे बोंडू पिकतात. बायका झाडाखालचे बोंडू वेचून रस पिळतात, त्याची दारू होते. आपल्याकडे फेणी, तसा तिकडचा हा घरगुती धंदा, आणि त्याचे पैसे बहुधा बाईच्याच हातात राहतात. बी पोत्यात जाते. मग ट्रकची वाट पाहत पोती ओसरीवर थांबतात आणि घरातले तांदळाचे मडके किती दिवस पुरेल, याचा हिशेब सुरू होतो.