इफ्ताहाचा नवस आदर्श कसा?

संपादक महोदय,

‘बोललेला नवस कोणत्याही परिस्थितीत फेडलाच पाहिजे’ हे पटवण्यासाठी गेल्या अंकातील लेखात, नवसापायी स्वतःची मुलगी अर्पण करणाऱ्या इफ्ताहाचा दाखला दिला आहे. तो चुकीचा आहे. शास्ते 11 मध्ये देवाने ती मुलगी मागितल्याचा किंवा स्वीकारल्याचा एक शब्दही नाही. उलट लेवीय 27 मध्ये नवसाने वाहिलेल्या माणसाऐवजी मोल भरण्याची सोय आहे: 20 ते 60 वर्षांच्या पुरुषासाठी 50 शेकेल, स्त्रीसाठी 30. अविचाराने घेतलेली शपथ तर लेवीय 5 दोषच ठरवते. इब्री 11 मध्ये इफ्ताहाचे नाव आहे खरे, पण तिथे गौरव त्याच्या विश्वासाचा आहे. नवसाचा उल्लेखही नाही.

अशी मोकळीक दिली तर शब्दाला किंमत उरणार नाही, अशी भीती कुणी घालेल. पण ही मोकळीक फुकट नाही. मोल भरावे लागते, चूक कबूल करावी लागते. नवस फेडायला उशीर करू नये, हे उपदेशक 5 मधले बजावणे मलाही मान्य आहे. मात्र लेखकाने मार्क 7 पूर्ण वगळला. आईबापांच्या वाट्याचे ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहणाऱ्यांना येशूने तिथे खडसावले आहे. वांद्र्याच्या मोतमाउलीला बोललेली मेणबत्ती वेळेवर पोचते आणि आईच्या औषधांसाठी भावाला कबूल केलेले पैसे तीन-तीन महिने थकतात, हे कुर्बानच झाले. मत्तय 5 प्रमाणे शपथेविना दिलेला साधा होकारही तितकाच बांधतो. लेखात त्यावर एक ओळ तरी हवी होती.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक