खिडकी धाकट्यांना द्या



एस. टी. त लहान मूल रडायला लागलं की मोठी माणसे म्हणतात, "गप बस, नाहीतर कंडक्टर खाली उतरवील." नाहीतर हातात मोबाईल देतात. माझ्या मते दोन्ही चूक आहे. भीतीने मूल गप्प होते, पण त्याला प्रवासच नकोसा होतो. मोबाईलकडे खाली मान घालून बघितलं तर मळमळतं. बाहेर लांबवर बघितलं तर त्रास कमी होतो.

पण खिडकी आपण मोठी मुलंच पटकावतो! ती धाकट्यांना द्यावी. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नसते, म्हणून त्याला मांडीवर घेऊन खिडकीशी बसावे. हात मात्र आत ठेवावा.

मग त्याला रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड दाखवावेत. माथा पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवा असला तर राज्य महामार्ग. पुढचा दगड आधी कोण बघतो, अशी पैज लावावी. आकडा कमी होत जातो तसं गाव जवळ येतं, हे बालवाडीतल्या मुलालाही कळतं. याला पैसे पडत नाहीत. फक्त मोठ्यांनी त्याच्याशी बोलत राहिलं पाहिजे.

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी