यंत्र वाजते, पण ऐकत नाही

‘पियानो वादकावाचून वाजू लागला, मग मुलांना वर्षानुवर्षे वादन शिकवायचे कशाला?’ असा प्रश्न आपल्यांतील काही सुशिक्षित मंडळी करतात. स्वयंचलित पियानोला मिडी फाइल पुरवली की जॅझच्या अवघड रचनाही बिनचूक उमटतात, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. त्यांचा निष्कर्ष मात्र आम्हांला साफ अमान्य आहे.

१९८३ साली प्रचारात आलेली मिडी पद्धत नाद साठवीत नाही. कोणती पट्टी केव्हा, किती जोराने दाबावी आणि केव्हा सोडावी, एवढ्या आज्ञाच ती साठवते. पूर्वी हेच काम भोके पाडलेली कागदाची गुंडाळी करीत असे. फॅट्स वॉलर यांच्यासारख्या जॅझवादकाने १९२० च्या दशकात अशा गुंडाळ्यांसाठी वादन केले आणि ते टिकून राहिले. त्याबद्दल आम्ही यंत्राचे ऋणीच आहोत. परंतु जॅझचा प्राण आयत्या वेळच्या स्फूर्तीत, सोबत्याला दिलेल्या प्रतिसादात असतो. ड्रमवाल्याने लय किंचित ओढून धरली, तर यंत्र त्याच्यासाठी थांबत नाही. ते वाजते, पण ऐकत नाही.

ख्रिस्तसभेने हा भेद फार पूर्वीच ओळखला होता. स्वयंचलित ऑर्गन, ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर यांना उपासनेत १९५८ च्या रोमच्या निर्देशाने मनाई केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेचे पुष्कळ नियम पालटले. तरी आमच्या मते त्या मनाईमागचा विचार आजही खरा आहे. प्रार्थना माणसाने करायची असते, ती यंत्राकडे सोपवता येत नाही.

गोव्याच्या धर्मग्रामशाळांत ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. उपासनेसाठी घडलेले हे हात पुढे मुंबईच्या जॅझवृंदांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोहोचले. ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतात सी. रामचंद्र यांना साहाय्य करणारे चिक चॉकलेट गोव्याचेच. कोणत्या फाइलीने असा वादक घडवला आहे?

‘पण कोरेगावसारख्या गावी शिक्षक आणायचा कुठून?’ साताऱ्याहून आठवड्यातून एकदा आणावा. स्वयंचलित पियानोच्या किमतीत त्याचे कित्येक वर्षांचे मानधन भागेल. शिकण्यासाठी फाइल जरूर वापरावी. लय संथ करून बोटांची वाट पाहता येते. मात्र तिने वहीची जागा घ्यावी, वादकाची नव्हे. मुलाचा चुकलेला स्वर उद्या सुधारेल. पण ज्या मुलाला आपण वाद्याला हातच लावू दिला नाही, त्याला आपण काय उत्तर देणार?